बिनतिखटाची भुर्जी

६ जानेवारी, सोमवार

नळी निघाली! एकशे तेरा दिवस नाकात होती. नागपूरच्या डॉक्टरांनी चिकटपट्टी सोडली, म्हणाले, "श्वास रोखा" — आणि ओढली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. पुष्पांजलीच्याही डोळ्यांतून. बायकोचं तर कोणी काही ओढलं नव्हतं!

"आता तोंडानं खायचं. मऊ, ओलसर, बिनतिखट. आणि काड्यांचा व्यायाम सोडायचा नाही," डॉक्टर म्हणाले.

काड्या म्हणजे आइस्क्रीमच्या काड्या. एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या आणि तोंडाला उघडायला शिकवायचं. सध्या आठ मावतात. स्वतःची तीन बोटं उभी मावली की तोंड ठीक, असं डॉक्टर सांगतात. माझं दीड बोट.

सप्टेंबरात डावा जबडा कापला. गालाच्या जागी छातीचं मांस लावलं आहे. त्यावर किरणांचे तीस शेक झाले. बावीस वर्षं खर्रा खाल्ला — सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटायचा आणि डाव्या गालात धरायचा. तोच गाल गेला. सरळ गोष्ट आहे. रडायचं होतं ते दवाखान्यात रडून झालं.

बोललेलं अजून कोणाला समजत नाही, म्हणून पाटी घेतली आहे. पाटी घरच्यांसाठी, ही वही माझ्यासाठी. एकवीस वर्षं एसटीत कंडक्टर आहे — रजेवर असलो तरी आहेच. चालत्या गाडीत उभ्यानं लिहायची सवय. अक्षर वाकडं, पण हात थांबत नाही.

७ जानेवारी, मंगळवार

पुष्पानं वरण, भात, गाजर, पालक — सगळं मिक्सरमधून काढलं. धुतल्यावर पोतेऱ्यातून पाणी निघतं त्या रंगाचं. वाटीभर खाल्लं.

आई म्हणाली, "खाय रे बापू. पोटात जाऊन सगरं एकच होते."

पाटीवर लिहिलं — मग तू खा.

आमची आई, सुशिलाबाई, कोणाच्या बापाला भीत नाही. चमचाभर तोंडात टाकलं. मग उठून न्हाणीत गेली आणि बराच वेळ चुळा भरत राहिली.

९ जानेवारी, गुरुवार

आहाराच्या कागदावर अंडं लिहिलेलं आहे. पुष्पानं भुर्जी केली. रोजची, दाणेदार, खरपूस — चोवीस वर्षं मी बोटं चाटत खाल्ली ती. आज एक दाणा डाव्या कोपऱ्यात गेला, जिथं दात नाहीत. खोकला सुरू झाला तो थांबेना. आई पाठ चोळते आहे, पुष्पा रडते आहे. मी मात्र मनात म्हणतो आहे, अंड्याचा दोष नाही, करणारीचा आहे.

"उद्यापासून परत मिक्सर," पुष्पा म्हणाली.

मी लिहिलं — उद्या मी करतो.

ती हसली. लग्नाला चोवीस वर्षं झाली, चहासाठीसुद्धा मी कधी गॅस पेटवला नाही. पण खचाखच भरलेल्या गाडीत, साकोलीच्या बाजारच्या दिवशी, एका हातानं दांडी धरून दुसऱ्या हातानं तिकिटं दिली आहेत. दोन अंडी फोडायला काय लागतं?

१० जानेवारी, शुक्रवार

पुष्पा नऊला अंगणवाडीत कामाला गेली. मी स्वयंपाकघरात.

घरात अंडं नाही. आईच्या कोंबड्या आहेत, पण चांगली सहा अंडी तिनं खुडूक कोंबडीखाली ठेवली आहेत. मी हात घातला. कोंबडीनं चोच मारली. मागून आई —

"पिल्लं काढाले ठेवली ना मी! कायले हात लावतं?"

लिहिलं — माझ्यासाठी.

आईनं पाटी वाचली. कोंबडीला बाजूला केलं आणि कालचीच ठेवलेली दोन अंडी शोधून स्वतःच्या हातानं दिली.

कढई तापवली, तेल घातलं, अंडी फोडली. टरफल आत पडलं. ते काढेपर्यंत कडा काळ्या. ते खरवडेपर्यंत मध्यभाग काळा.

"जरलं का रे?" आईनं पडवीतून विचारलं.

नाही, असं लिहून पाटी दारातून बाहेर दाखवली. धूर पाटीच्या आधी बाहेर पोचला होता.

दुपारी मिक्सर.

१२ जानेवारी, रविवार

दुसरी खेप. आच मंद ठेवली. इतकी मंद की कंटाळून लवकर उतरवली. कच्चट. तरी गिळली. नऊ काड्या.

१५ जानेवारी, बुधवार

जमली!

लिहून ठेवतो, नाहीतर पुष्पा म्हणेल चुकून जमली.

अंडी कढईत फोडायची नाहीत. वाटीत फोडायची, म्हणजे टरफल दिसतं. दोन अंड्यांना दोन चमचे दूध, चिमूटभर मीठ. काट्यानं फेटायचं — पिवळं-पांढरं वेगळं दिसेनासं होईपर्यंत. कढई गरम नको, कोमट. तूप घालायचं, तूप तडतडलं तर चुकलं. मग अंडी ओतायची आणि सराट्यानं, म्हणजे उलथण्यानं, कडेकडेनं मध्ये ओढत राहायचं. हात थांबला की दाणा कडक झालाच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट — अजून झाली नाही असं वाटतं तेव्हाच उतरवायची. उरलेली ती ताटलीत होते.

कांदा नाही, मिरची नाही, तिखट नाही. हळदसुद्धा नाही.

जिभेला चव नाही. शेकात गेली, सहा महिन्यांत येईल म्हणतात. म्हणून मी कानानं आणि डोळ्यानं करतो. आवाज आला की गॅस कमी. चकाकी गेली की उशीर झाला.

छोट्या चमच्यानं, उजव्या बाजूनं, अर्ध्या तासात दोन अंडी संपवली. एकही दाणा अडकला नाही. पोटात ऊब पसरली आणि मी ओट्याला टेकून उभाच राहिलो. चव नसलेल्या माणसालाही जेवल्यासारखं वाटतं, हे मला ठाऊक नव्हतं.

१६ जानेवारी, गुरुवार

आजही जमली. चुकून नाही!

१९ जानेवारी, रविवार

आज मुन्नालाल आला. माझा ड्रायव्हर. अकरा वर्षं एकाच गाडीवर आहोत — गोंदिया, गोरेगाव, कोहमारा, सौंदड, साकोली आणि परत. त्याचं घर गोंदियाजवळ मुर्रीला. रविवारी त्याची सुटी, मोटरसायकलनं आला.

"क्या कंडक्टर! एकदम हीरो दिखने लगा!"

खोटं. मी मफलर गुंडाळून बसलो होतो. डोळे आणि नाक, एवढाच हीरो. ऑपरेशन झाल्यापासून मफलरशिवाय त्यानं मला पाहिलेलंच नाही. दवाखान्यात आला तोही वॉर्डाच्या दारातून परत फिरला. औषधांचा वास सहन होत नाही म्हणे.

नवीन कंडक्टरीण गाडीवर आली आहे, चांगली आहे, पण "साथ में मजा नहीं आता". गोरेगावचा चहावाला माझी विचारपूस करतो. असं बरंच काही सांगत होता आणि माझ्या कपाळाकडे बघत होता.

मी उठलो, त्याच्यासाठी भुर्जी केली. पहिला पाहुणा! आई हिरवी मिरची चिरायला बसली तसा तो म्हणाला, "रहने दे माय, जैसी है वैसीच दे."

एक चमचा. थांबला. मला वाटलं, झालं, आता शिव्या.

"फीका है," म्हणाला. "पर... अच्छा लगा यार. और है?"

और है! परत दोन अंडी फेटली. तीही खाल्ली. एकवीस वर्षांत कोणत्याही साहेबानं दिलेल्या शाबासकीनं मला इतकं फुगवलं नव्हतं.

२१ जानेवारी, मंगळवार

पुष्पाला करून घातली. म्हणाली, "अहो, हे तर खव्यासारखं झालं!" मग थोडं थांबून, "मीठ जरा कमी पडलं." हे म्हणायलाच हवं होतं का!

अकरा काड्या.

२६ जानेवारी, रविवार

डेपोतलं झेंडावंदन उरकून मुन्नालाल सरळ इकडे. येताना दुकानातली पांढरी अंडी आणली, ट्रेभर. आईनं तोंड वाकडं केलं. तिच्या मते अंडं म्हणजे गावरान, बाकी नुसती टरफलं.

परत चार अंड्यांची खाल्ली. "घर में चेतना से ऐसी बनतीच नहीं," म्हणाला. चेतना त्याची बायको. बिचारी चांगला स्वयंपाक करते, मी तिच्या हातचं जेवलो आहे. पण मी काही त्याचं बोलणं खोडलं नाही. हातगाडी लावावी का, असं पाटीवर लिहिलं. तो खूप हसला. तोंड न उघडता, हं हं हं करत.

२ फेब्रुवारी, रविवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

तलावात जाळं पडलं होतं म्हणून आज घरी मासोळी आली. पुष्पानं लाल सार केलं. मुन्नालालला मासोळी म्हणजे जीव की प्राण, आणि तिखटाचा तर तो राक्षस. कोहमाऱ्याला एकदा पैजेवर अकरा मिरची भजी खाऊन त्यानं पाणी मागितलं नव्हतं.

आज बोटभर सार चाखलं आणि डोळ्यांत पाणी आलं. पाण्याचा घोट तोंडात तसाच धरून बसला. गिळेना. मग ताट सरकवलं.

"कंडक्टर, तू भुर्जी बना."

मी करायला घेतली. ओट्यापाशी उभं राहून सहज वळून पाहिलं. आईनं त्याला तोवर दहीभात दिला होता. तो चमचा आडवा धरत होता. टोक ओठांच्या फटीला लावायचा आणि आत ओतल्यासारखं करायचा. मान जरा उजवीकडे.

हे मला माहीत आहे. मी असाच खातो.

सराटा हातातून पडला. गॅस बंद केला, पाटी घेतली, लिहिलं — तोंड उघड.

"डाक्टर बन गया क्या?"

लिहिलं — तीन बोटं घाल.

"अरे, खाने दे ना यार!"

मी पाटी त्याच्या ताटात ठेवली. दहीभातावर. त्यानं चिडून बोटं तोंडाशी नेली. तीन नाहीत. दोन. दुसरं बोट दातांना घासून कसंबसं आत गेलं.

आई समोरच होती. "मुन्ना, काऊन रे उघडून नाई राहिलं?"

"एसिडिटी है माय. कुछ नहीं है."

मी लिहिलं — तिखट कधीपासून लागतं? गालात आतून ताठ लागतं का? त्यानं अर्धंच वाचलं. उठला. हेल्मेट घातलं. दारात म्हणाला, "तेरे को हुआ तो सबको होगा क्या?" — आणि गेला.

भुर्जी कढईतच कडक झाली. दोन आठवडे मी फुगून बसलो होतो — माझ्या हाताला चव आहे म्हणून! तिखट नव्हतं, जाळत नव्हतं, चावावं लागत नव्हतं, म्हणून खात होता तो.

३ फेब्रुवारी, सोमवार

त्याला मोबाइलवर मेसेज केला — नागपूरला माझ्या डॉक्टरांकडे चल, मी येतो सोबत. वाचला. उत्तर नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सात मेसेज. उत्तर नाही. फोन लावता येत नाही — लावला तर उचलल्यावर बोलू काय!

पुष्पानं चेतनाला फोन केला. मी कान लावून बसलो. चेतना आधी टाळत होती, मग सगळं बोलली. वर्ष झालं, घरात भाजीला तिखट घातलं की ताट भिरकावतो. दूध-भात खातो. भाकर सोडली. दात घासताना ब्रश आत जात नाही म्हणून बोटानं घासतो. "ताई, मैं बोलती हूँ तो चिल्लाते हैं. दुलीचंद भैया बोलेंगे तो सुनेंगे."

दुलीचंद भैया बोलू शकत नाहीत, हे ती घाईत विसरली. आमच्या दोघांच्याही लक्षात यायला वेळ लागला. मग पुष्पा हसली आणि मीही.

९ फेब्रुवारी, रविवार

नाही आला. सवयीनं सहा अंडी फेटली. आईनं दोन खाल्ली, मी चार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मीठ लागलं!

भुर्जीचा तिसरा चमचा. जिभेच्या टोकाला काहीतरी टोचलं. आधी वाटलं फोड आला. परत घेतला — मीठ! मिठाच्या डब्यातून चिमूट काढून जिभेवर ठेवली. मीठच! पुष्पा अंगणवाडीत होती. पाटी घेऊन, मफलर न गुंडाळता, रस्त्यानं तिथपर्यंत चालत गेलो. चार घरांनी पाहिलं. पाहू दे.

पुष्पा बाहेर आली. पाटी दाखवली. तिनं आधी माझ्या उघड्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे. म्हणाली, "मी तर म्हटलंच होतं, मीठ कमी पडते."

परत येताना ठरवलं. मेसेज बस्स झाले. जातो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

गेलो!

सकाळी आरशासमोर एक शब्द घोटत बसलो. काड्या आता तेरा. ओठ जुळवले, जीभ टाळूला लावली. आईला ऐकवला. "परत म्हन," म्हणाली. परत म्हटला. "समजते," म्हणाली.

चार अंड्यांची भुर्जी केली, डब्यात भरली, मफलर गुंडाळला. सौंदडच्या स्टॉपवर अकरा-चाळीसची साकोली-गोंदिया. माझीच गाडी. पाच महिन्यांनी पायरी चढलो. नवी कंडक्टरीण म्हणाली, "कुठे, काका?" मी ओळखपत्र दाखवलं. ती एकदम सरळ उभी राहिली — "सर, तुम्ही! बसा ना."

वाटलं होतं सगळी गाडी बघेल. कोणी बघत नाही. सगळे मोबाइलमध्ये.

ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसलो. मुन्नालालनं आरशात पाहिलं. ओळखलं. कोहमारा गेलं. गोरेगावला गिअर अडकला — अकरा वर्षांत त्याच्या हातून मी गिअर अडकलेला ऐकला नव्हता.

गोंदियाला गाडी लागली, माणसं उतरली. कंडक्टरीण नोंद करायला स्टँडच्या खिडकीकडे गेली. तो स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसला होता. मी पुढे जाऊन बाजूच्या बॉनेटवर बसलो. डबा उघडला, चमचा दिला.

गार झालेली भुर्जी म्हणजे काही खरं नाही. पण भूक लागली होती त्याला. खाल्ली. चमचा आडवा धरून. मी बघत होतो आणि त्याला माहीत होतं मी बघतो आहे. अर्धी झाल्यावर थांबला. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "काटेंगे क्या?"

मी मान हलवली — माहीत नाही.

"चेतना को क्या बोलूँ? गाड़ी कौन चलाएगा? तू बता."

मग मी मफलर काढला.

त्यानं तोंड फिरवलं. मी त्याची हनुवटी धरली आणि परत माझ्याकडे वळवली. बघ. गाल बघ. जबडा कुठे संपतो ते बघ. ओठ ओघळतो, लाळ गळते, रुमाल ठेवावा लागतो, तो पण बघ. आणि हेही बघ की मी जिवंत आहे, सकाळी स्वतःच्या हातानं रांधून तुझ्या गाडीत चढून आलो आहे. यातलं मी काहीच बोललो नाही. बोलता येतच नव्हतं. तो बघत राहिला. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

मग मी सकाळी घोटलेला शब्द म्हटला.

"चल."

"क्या?"

"चल."

समजलं त्याला! माझ्या तोंडून निघालेला, घराबाहेर समजलेला पहिला शब्द.

"कब?" त्यानं विचारलं.

उरलेली भुर्जी त्यानं संपवली. खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढून डब्यात टाकली आणि झाकण लावलं. डबा घरी आणून मी तीनदा धुतला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नागपूरच्या डॉक्टरांची तारीख मिळाली. ४ मार्च. चेतनाला कळवलं. ती म्हणाली, हातपाय बांधून आणते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मुन्नालालचा मेसेज — "तारीख आगे करते हैं क्या, शादी का सीजन है, गाड़ी फुल है." मी उत्तरात नुसता माझा फोटो पाठवला. बिनमफलरचा. दहा मिनिटांनी — "ठीक है बाबा, आता हूँ."

तो फोटो कामाचा आहे. जपून ठेवतो.

१ मार्च, शनिवार

आता भुर्जीत टोमॅटोचा गर घालून पाहिला. आंबट कळलं! पुष्पाला वाटतं मी आता भाजीसुद्धा करीन. आज भाजी, उद्या भाकरी — असं चालणार नाही, हे लिहून दिलं आहे. आई म्हणते, "करन तो. त्याले लत लागली आता." बहुतेक खरं आहे.

पंधरा काड्या. शेजारच्या घरातही माझं अर्धं बोलणं समजतं. अर्ध्याचा ते अंदाज लावतात.

४ मार्च, मंगळवार

नागपूर. मुन्नालाल, चेतना, मी. गाडीत मुन्नालालचं सगळं लक्ष ड्रायव्हरच्या हातांकडे. चेतना खिडकीतून बाहेर बघत बोटं मोडत होती.

डॉक्टरांनी बॅटरी घेऊन तोंडात पाहिलं. आतून दोन्ही गाल पांढरे, दोरीसारखे ताठ. डावीकडे नखाएवढी लाल जागा. तिथला तुकडा काढून तपासायला घेतला. कापसाचा बोळा दाबून तो बाहेर आला आणि भिंतीचा आधार शोधायला लागला. मी खांद्याला धरलं. माझ्या वेळी पुष्पानं धरलं होतं, तिची उंची माझ्या खांद्यालाही लागत नाही. तेव्हा कसं जमलं असेल तिला!

रिपोर्ट आठवड्यानं. तोवर त्याला तिखट बंद. मी चेतनाला भुर्जी शिकवली — पाटीवर लिहून, चित्र काढून. मंद आच दोनदा अधोरेखित.

७ मार्च, शुक्रवार

चेतनाचा फोन. भुर्जी करपली. पुष्पानं फोन माझ्या कानाला लावला. मी म्हटलं, "आच." चेतनाला समजलं!

११ मार्च, मंगळवार

कॅन्सर नाही!

नाही! चेतनाचा फोन आला तेव्हा पुष्पा पीठ मळत होती. पिठाच्याच हातानं तिनं माझे दोन्ही खांदे धरले. आई देवापाशी गेली, मग कोंबड्यांपाशी गेली, मग परत देवापाशी.

डॉक्टर म्हणाले, आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर सांगता आलं नसतं. आता खर्रा कायमचा बंद. गालात इंजेक्शनं घ्यायची, काड्यांचा व्यायाम करायचा, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. तो गाडी चालवणार. जबडा आहे तिथेच राहणार.

मुन्नालालनं फोन घेतला. मग — "कंडक्टर, काड्या कुठल्या दुकानातून घेतल्या?" मराठीत विचारलं. अकरा वर्षांत हा माझ्याशी मराठी बोलला नव्हता.

सगळं गाव म्हणतं आहे — दुलीचंदनं मित्राला वाचवलं. चार माणसं घरी येऊन सांगून गेली. मी सगळ्यांना भुर्जी खाऊ घातली.

१६ मार्च, रविवार

४ तारखेचं लिहिताना एक गोष्ट गाळली. पाच दिवस लोक पाठ थोपटत आहेत आणि मला जेवण जात नाही. लिहितो.

डॉक्टरांनी मुन्नालालला विचारलं होतं, "खर्रा कधीपासून? कोणी लावला?" तो म्हणाला, "अपने आप लग गया, साब." माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट, आमच्या जोडीचा पहिला महिना होता. रस्त्याचं काम चालू होतं, गाडी दोन तास अडकली, त्याला झोप येत होती. माझ्या पन्नीतला अर्धा खर्रा मी त्याच्या तळहातावर ठेवला. तो नको म्हणत होता, त्यानं सुपारीसुद्धा कधी खाल्ली नव्हती. मी म्हटलं, "ले रे, कुछ नहीं होता."

डॉक्टरांच्या समोर मला हे बोलता येत होतं. शब्द येत होते. मी गप्प बसलो.

आज त्याची सुटी आहे. चेतनाही घरी असेल. दोघांच्या समोर सांगायचं आहे. निघालो.